बिडाचे अकरा पाय

स्पॅनिश भाषेत 'हे दणकट आहे का?' असं विचारायच्या सहा तऱ्हा मला येतात. त्या भाषेत मला पाणी मागता येत नाही, रस्ता विचारता येत नाही, कुणी रडत असेल तर धीराचा एक शब्द बोलता येत नाही. पण खुर्ची, टेबल, शिडी, असलं काहीही माझ्यापुढे ठेवा, मी त्याच्या मजबुतीची चौकशी अस्सल उच्चारात करून दाखवीन. उत्तर मात्र आम्हाला एकच शिकवलं होतं. सी. म्हणजे हो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणीला आहे. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओततात, थिजल्यावर साचा फोडून माल बाहेर काढतात, आणि तो माल जाऊ द्यायचा की नाही ते मी ठरवतो. निदान कागदावर तरी मीच ठरवतो. माझ्या हातात एक लहान हातोडी असते. चांगल्या बिडावर ती मारली की खणकन वाजतं. आत भेग किंवा पोकळी असली की बद्द वाजतं. सव्वीस वर्षं हेच करतोय. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी माझे कान उभे राहतात आणि बायको म्हणते, जेवा आता गप.

गेल्या वर्षी आमच्याकडं स्पेनमधून बाकांचं काम आलं. बागेत असतात तसले बाक, दोन बाजूंना बिडाचे नक्षीदार पाय आणि मधे लाकडी फळ्या. घेणाऱ्या बाई तिकडच्या वृद्धाश्रमांना सामान पुरवत होत्या. म्हणजे आमच्या बाकांवर म्हातारी माणसं बसणार, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाई माल बघायला स्वतः येणार असं ठरलं, आणि आमच्या मालकाच्या डोक्यात आलं की सगळ्यांनी स्पॅनिश शिकायचं.

मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. पस्तिशीतला आहे, पण सगळा कारखाना त्याला दादा म्हणतो आणि तो मला काका म्हणतो. परदेशी माणसाला त्याच्या भाषेत उत्तर दिलं की तो निम्मा आपला होतो, असं तो कुठल्याशा शिबिरात ऐकून आला होता. मग मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता, चहा झाला की आम्ही सात जण ऑफिसात टीव्हीसमोर बसायचो. टीव्हीवर पुण्यातली एक तरुण बाई यायची. तिला दादानं सांगून ठेवलं होतं की यांना बाकी काही नको, मालाबद्दल काय विचारतील तेवढंच शिकवा.

तर ते सहा प्रश्न असे. एस फिर्मे? म्हणजे पक्कं आहे का. एस रेसिस्तेन्ते? म्हणजे टिकेल का. नो से मुएवे? हलत नाही ना. नो से रोम्पे? मोडणार नाही ना. आग्वान्ता? भार सोसेल का. आणि आग्वान्ता मूचो पेसो? पुष्कळ भार सोसेल का. आमच्यातला एक विचारायचा, बाकीचे सहा एका सुरात सी म्हणायचे. पाढे म्हणतात तसं. दारातून जाणारे कामगार आत डोकावून हसायचे.

"काका, तुम्ही प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच सी म्हणताय," बाई एकदा टीव्हीतून म्हणाली. "जरा थांबा. ऐकून घेताय असं वाटलं पाहिजे."

तिचं बरोबर होतं, पण तिला आमचं गाव माहीत नव्हतं. आमच्याकडं मजबुतीचा प्रश्न हा प्रश्न नसतोच. दुकानात तुम्ही नुसता स्टुलाला हात लावा, दुकानदार चपला काढून त्याच्यावर चढलेला असतो. "हत्ती बसवा की, पावणं." मी हातकणंगल्याच्या बाजारातून एकदा प्लास्टिकची खुर्ची घेतली होती. विकणारा तिच्यावर तीन उड्या मारून खाली उतरला. पंधरा दिवसांत खुर्चीचे मागचे पाय फाकले. परत घेऊन गेलो तर त्यानं खुर्चीकडं पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडं पाहिलं. "तुमी टेकून बसलासा आसणार," तो म्हणाला. खुर्चीत टेकून बसणं हा माझा गुन्हा. त्या माणसाचा मला तेव्हा संताप आला होता. आता त्याच्याबद्दल काही बोलायचा मला अधिकार राहिलेला नाही.

घरी मी सराव करायचो. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी धरून हलवायची आणि विचारायचं, नो से मुएवे? बायकोला दोनदा अर्थ सांगितला. तिसऱ्यांदा ती पोळी उलटता उलटता म्हणाली, "हलतीया की. चार वर्सं सांगायलोय, एक खिळा मारा म्हणून." स्पॅनिश प्रश्नाला मिळालेलं ते एकमेव खरं उत्तर. खिळा मी अजून मारलेला नाही.

आता लांबीविषयी सांगायला हवं, आणि सांगताना माझ्या तोंडाला आत्ताही पाणी सुटतंय, उलटीच्या आधी सुटतं तसलं. सुतार लाकडाच्या फटीत भरतात ती लांबी. आमची बिडासाठीची वेगळी असते, काळपट, आणि तिचा वास असा की दुपारचा डबा उघडला तरी भाजीला तोच वास येतो. ओतकामात गॅस अडकला की मालात भोकं पडतात. बारीक असतील, भार पडत नाही अशा जागी असतील, तर लांबी भरायला गिऱ्हाइकाचीही हरकत नसते. तो आमच्या धंद्यातला रिवाजच आहे. पण रिवाज एकदा आला की तो भोकाचा आकार बघत नाही.

हे काम करतात ते मिस्त्री साठीला टेकलेले आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. मामा लांबीचा गोळा तळहातावर मळतात, अंगठ्यानं भोकात दाबतात, आणि मग वरून सारवायला अंगठा जिभेवर फिरवून ओला करतात. गालात तंबाखू असते. ती थुंकी, ती तंबाखू, ती लांबी, सगळं एका अंगठ्यानं बिडात जातं. वरून काळा रंग मारला की ब्रह्मदेवाला ओळखू येणार नाही असं काम. मामांचा हात खरोखर चांगला आहे. मला किळस त्यांच्या थुंकीची येत नव्हती, म्हणजे येत होती, पण त्याहून जास्त त्या सफाईची यायची.

स्पेनच्या बाई यायच्या आठवड्यात एक ओत बिघडला. त्यातले अकरा पाय मी वाजवले आणि अकराही बद्द वाजले. भोकं कुठं, तर बैठक जिथं पायाला मिळते नेमकी त्या सांध्यात, आणि बोट घातलं तर पेर आत जाईल एवढी. बाकावर बसणाऱ्याचा सगळा भार तिथंच येतो. बीड वाकत नाही, ते सूचना देत नाही, एकदम मोडतं. मी अकराही पायांवर आतल्या बाजूनं छिन्नीनं फुली मारली. मी नापास केलेल्या मालावर कायम तशीच मारतो, खडूची खूण पुसता येते म्हणून. आणि मोडीच्या ढिगाकडं सरकवायला सांगून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ते अकरा पाय काळेभोर रंगवून पास झालेल्या मालात उभे होते. सांध्यावरून बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं. मामा तिकडं पाठ करून बसले होते.

मी दादाकडं गेलो.

"काका, परवा बाई येत्यात," तो म्हणाला. "अकरा पाय परत वतायचं, थंड करायचं, घासायचं, वेळ हाय का आपल्याकडं?"

"दादा, भार तिथंच येतो. म्हातारी माणसं बसणार त्याच्यावर."

"म्हातारी मानसं म्हंजे हलकीच की." तो हसला नाही, हे त्यानं अगदी मनापासून सांगितलं. "तुम्ही काय बी करू नका. बाई तुमालाच विचारणार, तपासणीवालं तुमी. तेवढं सी नीट म्हणा."

मी बरं म्हणालो. इथं मी भांडलो असं लिहायला मला आवडलं असतं. माझी नोकरीची दोनच वर्षं राहिली होती, दादाचा बाप माझ्याशी चांगला वागला होता, आणि सव्वीस वर्षांत मी असल्या बऱ्याच गोष्टींना बरं म्हणालो होतो. बरं म्हणायची तोंडाला सवय लागते. त्या संध्याकाळी गाडीवरून पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा मी हेल्मेटच्या आत सी, सी असं म्हणत होतो, आणि उच्चार चांगला येतोय याचं मला बरंही वाटत होतं. माझी मलाच शिसारी यावी अशी ती गोष्ट आहे.

बाई आल्या. साठीच्या, आखूड केसांच्या, पुरुषी बूट घातलेल्या. बरोबर दुभाषा नाही, फोनमध्ये बोलून भाषांतर करून घ्यायच्या. आम्ही त्यांना दारात ओवाळलं, डोक्याला फेटा बांधला. त्यांनी हौसेनं बांधून घेतला आणि मग कारखान्यात शिरल्याबरोबर काढून काखेत धरला, कारण वर बघताना तो घसरत होता. त्यांच्या हातांकडं बघून मला पहिली शंका आली. नखं बारीक कापलेली, बोटं जाड, तळव्याला घट्टे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या बाईचे ते हात नव्हते.

अंगणात एक बाक जोडून, हार घालून ठेवला होता. त्याचे दोन्ही पाय त्या अकरांतले निघाले. मुद्दाम नव्हे, रंग सगळ्यात ताजा त्यांचाच होता म्हणून चमकदार बघून कुणीतरी तेच उचलले होते. पहिला माल बाहेर पडताना आम्ही त्याच्यावर नारळ फोडतो. दादानं नारळ माझ्या हातात दिला. "काका, तुमच्या हातनं."

नारळ नेहमी समोरून फोडतात. बाकासमोर उभं राहायचं, आणि बैठकीच्या पुढच्या कोपऱ्यावर, म्हणजे थेट सांध्यावर, दणका द्यायचा. मी नारळ वर उचलला आणि माझा हात थांबला. तिथं मारला तर काय होईल ते मला ठाऊक होतं. मग मी बाकाला वळसा घातला, मागं गेलो, आणि पायाच्या मागच्या टोकाला, अगदी तळाशी, जिथं बीड भरीव होतं, तिथं वाकून तो फोडला. एका दणक्यात दोन शकलं झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. मी जिथं नारळ फोडला तिकडं त्यांनी पाहिलं, आणि मग मी जिथं फोडला नाही तिकडं.

त्या बाकाजवळ आल्या, पुढच्या सांध्यावर तळहात ठेवला. "एस फिर्मे?" त्यांनी विचारलं.

"सी, सेन्योरा," मी म्हणालो. हसूनसुद्धा म्हणालो.

"आग्वान्ता?"

"सी."

दादाचा चेहरा फुलला. सात जणांची मेहनत फळाला आली होती. बाईंनी फोन काढला नाही. त्या बाकाच्या फळीवर हलकेच थापट्या मारत, लहान मुलाला समजावतात तसं एकेक शब्द सोडवून म्हणाल्या, "सेन्तारिया आकी आ सु माद्रे?"

हे आमच्या सहांत नव्हतं. पण आकी म्हणजे इथं, ते शिकवणीत येऊन गेलं होतं, आणि माद्रे कळायला शिकवणी लागत नाही. त्या थापट्या मारत होत्या. तुमच्या आईला इथं बसवाल का?

माझी आई तेव्हा घरी होती, आहे. तिचं खुब्याचं हाड एकदा मोडून जोडलेलं आहे, आणि ती बसते तेव्हा हळू बसत नाही, शेवटचं वीतभर अंतर अंग सोडून देते. मला ते नेमकं दिसलं.

"नो," मी म्हणालो.

बाईंनी मामांकडं हात करून घणाची खूण केली. मामांनी दादाकडं पाहिलं. दादानं मान हलवली, दुसरं काय करणार. मामांनी घण सांध्यावर घातला आणि पाय पहिल्या घावात तुटला. आत काळपट लांबी, वाटीभर. बाईंनी त्यातला चुरा चिमटीत घेतला, नाकाशी नेला, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला भाषांतर करून घ्यावं लागलं नाही. फोनमध्ये बोलून त्यांनी ऐकवलं की त्यांच्या वडिलांचीही फाउंड्री होती.

तुटलेल्या पायाच्या आतल्या बाजूची फुली त्यांनी बोटानं चाचपली, आणि तसल्याच फुल्या बघून उरलेले दहा पाय स्वतः बाजूला काढले. बाकीचा माल चांगला होता, तो त्यांनी घेतला. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं आता दादा मला उभा सोलणार. पण झालं उलटंच. बाई पुढचंही काम देऊन गेल्या, आणि दादा चार लोकांत माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायला लागला की आमचं काका असं हायत, गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाय म्हनत्यात, तसला इमान हाय आमच्याकडं. पाहुणे आले की मला बोलावून दाखवायचा. माझा तो एक नो त्यानं मालाबरोबर विकायला काढला. मी तिथं उभा राहून चहा प्यायचो.

त्या दहा पायांचं काय, ते मी विचारलं होतं. दादा म्हणाला, मोडीत घालतो, वितळवून टाकू. मी मोडीच्या कागदावर सही केली.

दीडेक महिन्यानं आमच्या कॉलनीच्या बागेत पाच नवे बाक आले. बागेच्या फाटकाशी संगमरवरी पाटी, थोरल्या मालकांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. लोकांनी पेढे वाटले. मी संध्याकाळी गेलो, एका बाकापाशी खाली वाकलो, चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवून सांध्याच्या आतल्या बाजूला बोट घातलं. रंगाखाली फुली होती. पाचही बाकांपाशी वाकलो. दहा फुल्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी दादाला गाठलं. तो ओशाळला असं म्हणता येणार नाही.

"काका, तिकडं बर्फ पडतंय, बीड गार पडून तडकतंय. हितं काय होतंय?" मग जरा वेळानं, "आनि आपल्याच लोकांस्नी द्यायचं तर एवढं काय बघायचं. फुकट दिलंय की."

आपल्याच लोकांस्नी. हा शब्द मी गेले कित्येक महिने चघळतोय आणि तो गिळवत नाही. लांब कुठल्या देशातल्या, मी कधी बघणार नाही अशा म्हाताऱ्यांसाठी माझ्या तोंडून नो निघालं. आमच्या कॉलनीतल्या म्हाताऱ्यांसाठी निघालं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. महापालिकेला अर्ज लिहायचं मी ठरवलं, कागदही घेतला. पण त्यात पहिलीच ओळ अशी आली असती की ते पाय मोडीत गेल्याच्या कागदावर माझी सही आहे. कागद अजून कपाटात कोरा आहे. आईला तेवढं मी त्या बागेत जाऊ देत नाही. तिला सांगितलंय की तिथं कुत्री फार आहेत. एवढीच माझी मर्दुमकी.

परवा सकाळी फिरायला गेलो होतो. फाटकाजवळच्या बाकावर एक आजोबा बसले होते, फेटेवाले, मुलाकडं शिरोळहून राहायला आलेले असावेत. मी समोरून दोनदा गेलो. तिसऱ्या फेरीला ते सरकले आणि शेजारची फळी हातानं झाडली.

"बसा की, पावणं. दमलासा."

"नको, चालतोय जरा."

"आवं बसा. लई दणकट हाय, आपल्या शिरोलीतला माल हाय," ते म्हणाले, आणि पटवून द्यायला बसल्या जागी जरा उचलून परत आदळले. "व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणालो.

आणि त्यांच्या शेजारी बसलो. अगदी कडेला, निम्मं वजन माझ्या पायांवर पेलून.